ओट्याची परवानगी

घराच्या दारापुढे दीड-दोन हात उंचीचे जोते पुढे काढलेले असते, त्यावर शहाबादी फरशी किंवा नुसते शेणाने सारवलेले अंगण, आणि वर घराच्याच छपराची पुढे आलेली वळचण. याला आम्ही ओटा म्हणतो. त्यावर खांब उभे राहून छप्पर स्वतंत्र झाले की त्याची पडवी होते, आत घेतली की ओसरी, वाड्यात चौकाभोवती फिरली की सोपा. मराठीत या जागेला जितकी नावे आहेत तितकी न्हाणीघराला नाहीत, माजघरालाही नाहीत. ज्या जागेवरून भांडणे जास्त, तिला नावेही जास्त, असा माझा अनुभव.

अनुभव म्हणतो त्याला कारण आहे. मी विद्यापीठात इतिहास शिकलेला माणूस नव्हे. पंचवीस वर्षे कचेरीबाहेर टेबल टाकून अर्ज, प्रतिज्ञापत्रे, खरेदीखतांचे मसुदे लिहिले. पाबळ, केंदूर, कान्हूर, शिक्रापूर अशा शिरूर तालुक्याच्या पश्चिम भागातून माणसे येत. वाटणी, वारसनोंद, रस्त्याचा वाद यांच्या जोडीला वर्षातून पाच-सहा वेळा तरी हा प्रश्न यायचाच : ‘तात्या, दारापुढं ओटा बांधायचाय, परवानगी लागती का?’ लागते म्हटले की पुढचा प्रश्न ठरलेला : ‘आमच्या आज्यानं कुठं घेतली होती?’

हा दुसरा प्रश्न मला वर्षानुवर्षे छळत राहिला. खरेच, आज्याने परवानगी कोणाची घेतली होती? की घेतलीच नव्हती?

गावाची जमीन पूर्वापार दोन रंगांत वाटलेली. पिकते ती काळी, वस्तीची ती पांढरी. राख, शेण, पडक्या भिंतींची माती शतकानुशतके एकावर एक साचून वस्तीची जमीन पांढुरकी होते, म्हणून पांढरी. काळीचा हिशेब राजाला हवा असे, कारण सारा तिच्यातून येई. पांढरीचा हिशेब गावाचा. घर बांधायला जागा हवी तर पाटलाकडे जायचे, चार वडीलधारी आणि शेजारी यांच्या साक्षीने जागा दाखवली जायची. कागद झालाच तर कुलकर्ण्याच्या हातचा. ओट्यापुरते बोलायचे तर शेजाऱ्याने ओरड केली नाही, आणि बैलगाडी वळायला जागा उरली, एवढीच परवानगी. गाडीचा कणा ओट्याच्या कोपऱ्याला घासला की ओटा पुढे आला असे समजायचे. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या ओट्याला एक उभा दगड पुरून ठेवण्याची रीत होती, तो ओट्याच्या रक्षणासाठी, आणि त्याच वेळी ओट्याने तिथून पुढे सरकू नये म्हणूनही.

हद्द ठरवायची दुसरी खूण पागोळी. छपरावरून पावसाचे पाणी जिथे गळते तिथे जमिनीवर खड्ड्यांची एक ओळ उमटते. त्या ओळीच्या आत घरवाल्याचे, बाहेर गल्लीचे किंवा शेजाऱ्याचे. ओटा पागोळीच्या आत असला तर तो घराचाच भाग, बाहेर गेला तर प्रश्न. मी पाहिलेल्या जुन्या खरेदीखतांत चतुःसीमा लिहिताना पागोळीच्या जागेचा उल्लेख वेगळा केलेला आढळतो. घर विकले पण पागोळी विकली नाही, असा वाद उद्भवू नये म्हणून. पुढे इंग्रजांनी सुविधाधिकाराचा १८८२ चा कायदा केला आणि १८९१ मध्ये तो मुंबई इलाख्याला लागू केला, त्यात शेजाऱ्याच्या जागेत पाणी सोडण्याच्या हक्कालाही स्थान मिळाले. गावाने त्याची वाट पाहिली नव्हती.

पाबळचा विषय निघाला की मस्तानीचे नाव येतेच. बाजीरावाने पाबळ, केंदूर आणि लोणी ही गावे तिला दिली. २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडीला बाजीराव गेला, त्याच वर्षी मस्तानीही पाबळला गेली, आणि तिची समाधी इथे आहे. कोणी तिला मजार म्हणते. तिच्या मृत्यूबद्दल जे काही सांगितले जाते त्यात मी शिरत नाही. मला कुतूहल वेगळेच आहे. आख्खे गाव एका व्यक्तीला इनाम दिल्यावर गावातल्या साध्या माणसाच्या ओट्याचे काय व्हायचे? इनामपत्रांची भाषा ज्यांनी वाचली आहे त्यांना तिचा साचा ठाऊक असतो. जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप अशी यादी देऊन गाव दिले जाते, आणि त्याच्याच शेजारी हक्कदार खेरीज करून, असे कलम येते. म्हणजे ज्याचा आधीपासून हक्क आहे तो वगळून बाकीचे. गाव कोणाच्याही नावे झाले तरी पाटलाचे वतन, कुलकर्ण्याची लेखणी आणि घरवाल्याचे घरठाण आपापल्या जागी राहत असे. इनामदाराला महसूल मिळाला, दारापुढचा ओटा मिळाला नाही. त्या दोन शब्दांनी किती ओटे वाचले असतील!

याउलट, मोठ्या माणसांना मात्र बांधकाम थांबवावे लागल्याच्या कथा आहेत. शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० ला झाली, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ला. उत्तरेकडे भव्य दरवाजा करायचा घाट होता. उत्तरेला तोंड म्हणजे दिल्लीला आव्हान, म्हणून शाहूमहाराजांनी नापसंती कळवली आणि दरवाजाचे काम अर्धवट राहिले, अशी आख्यायिका आहे. शाहूमहाराज १५ डिसेंबर १७४९ ला वारले, त्यानंतर नानासाहेबाच्या काळात दरवाजा पुरा झाला म्हणतात. आख्यायिकेला पुरावा मानायचे नसते हे मला कळते. पण लोकांनी ती जपली यातून एवढे दिसते की बांधकामाला वरच्याची हरकत येऊ शकते, आणि हरकत घेणारा गेल्याखेरीज ते पुढे सरकत नाही, ही कल्पना लोकांच्या ओळखीची होती. आजही ग्रामपंचायतीची मुदत संपण्याची वाट पाहत किती ओटे थांबलेले असतात!

पुणे शहरात हे काम कोतवालाकडे होते. रस्ते, गल्ल्या आणि घरे यांच्याबद्दलचे तंटे तोडणे हे कोतवालाच्या कामांपैकी एक. घाशीराम कोतवालाची बदनामी वेगळ्या कारणांसाठी झाली, ती योग्यच होती. पण कोतवालीचे दफ्तर हे आपल्याकडच्या नागरी बांधकाम-नियमनाचे आरंभीचे दफ्तर आहे, याकडे नाटकाच्या गाजावाजात दुर्लक्ष झाले, असे मला वाटते. शहरात ओटा हा कोतवालाचा विषय होता, खेड्यात शेजाऱ्याचा.

इंग्रज आल्यावर काय बदलले? माझ्या मते, पांढरीसाठी फारसे काही नाही. १८२० च्या दशकात प्रिंगलने पुणे जिल्ह्याची मोजणी केली, ती फसली. मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापुरात नवी पद्धत सुरू केली आणि पुढच्या काही वर्षांत ती पाबळकडेही आली. त्या काळी पाबळ हे तालुक्याचे नाव होते हे आता इथल्या पोरांना सांगितले तर खरे वाटत नाही. साखळी पडली, बांध मोजले, शेतांना सर्व्हे नंबर मिळाले, प्रत्येक नंबराचा आकार ठरला. पण गावाच्या नकाशात वस्तीच्या जागी काय आहे? एक सलग ठिपका. त्यावर ‘गावठाण’. आत शंभर घरे असोत की हजार, नकाशाला ती दिसत नाहीत. ज्यातून सारा निघत नाही ते मोजायचे कशाला, असा हिशेब. काळीचा इंच अन् इंच कागदावर आला आणि पांढरी स्मरणावर राहिली.

हे सगळ्या पुढच्या गोष्टीचे मूळ आहे, म्हणून वाचकांनी ते लक्षात ठेवावे. शेताच्या बांधाचा वाद नकाशाने सुटतो. ओट्याचा वाद नकाशाने सुटत नसे, कारण नकाशाच नव्हता.

शहरांत मात्र कायदे येत गेले. १९०१ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका कायद्याने नगरपालिका-हद्दीत बांधकामाआधी सूचना देणे बंधनकारक केले. खेड्यांसाठी १८८९ चा ग्राम स्वच्छता कायदा आला, १९२० आणि १९३३ चे ग्रामपंचायत कायदे आले. सामान्य गावकऱ्याच्या ओट्यापर्यंत पोचला तो १९५८ चा मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, जो १ जून १९५९ पासून अमलात आला. त्याचे कलम ५२ म्हणते की पंचायतीच्या पूर्वपरवानगीशिवाय गावाच्या हद्दीत कोणीही इमारत बांधू नये वा पुन्हा बांधू नये. ‘बांधणे’ म्हणजे काय याचा खुलासा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा थक्क झालो. असलेल्या घराला केलेली मोठी वाढ किंवा फेरबदल म्हणजे बांधणे. दोन भिंतींमधल्या मोकळ्या जागेवर छप्पर घालणे म्हणजे बांधणे. आणि रस्त्याला लागून असलेल्या भिंतीत रस्त्याकडे उघडणारे दार पाडणे, हेही बांधणेच. एक वीट न रचता, उलट भिंतीतून विटा काढून, माणूस ‘बांधकाम’ करू शकतो.

त्याच्या पुढचे कलम ५३ अतिक्रमणाचे. सार्वजनिक रस्त्यावर वा जागेवर काय काय उभारू नये याची त्यात यादी आहे. भिंत, कुंपण, खांब आहेतच. पण पडवी, ओटा, जोते, पायरी हेही नावानिशी आहेत. कायदा लिहिणाऱ्याला गावातली गल्ली चांगली ठाऊक होती.

कलम ५२ मध्ये आणखी एक तरतूद आहे, आणि ती गावाला फारशी माहीत नाही. अर्ज मिळाल्यापासून दोन महिन्यांत पंचायतीने होकार वा नकार लेखी कळवला नाही, तर परवानगी दिली असे मानले जाते. नकार दिला तर कारण द्यावे लागते, आणि त्यावर अपील आहे. माझ्या टेबलावर आलेल्या ओटेवाल्यांपैकी बहुतेकांनी तोंडी विचारलेले असायचे. सरपंचाला देवळापाशी गाठून, ग्रामसेवकाला चहा पाजून. लेखी अर्जच नाही तर दोन महिने कधीपासून मोजणार? मी सांगायचो, पोच घ्या. पोच म्हणजे अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का. एवढ्या एका शिक्क्यात कायद्याची निम्मी ताकद आहे. लोकांना मात्र पोच मागणे म्हणजे सरपंचावर अविश्वास दाखवणे वाटे.

प्रत्यक्षात कागद असा फिरतो. अर्जाला नमुना ८ चा उतारा, घरपट्टी भरल्याची पावती, जागेचा हातनकाशा आणि लगतच्या लोकांचे ना हरकत पत्र जोडायचे. मासिक सभेपुढे विषय येतो, सूचक-अनुमोदक लागतात, ठराव होतो. यात खरी किल्ली कोणाकडे? लगतच्या लोकांकडे. कायद्याचे सगळे शब्द बदलले, परवानगी देणारा पाटील जाऊन पंचायत आली, पण शेजाऱ्याची मान हलल्याशिवाय ओटा होत नाही हे तसेच राहिले. शिवाय नमुना ८ हा कर-आकारणीचा उतारा आहे, मालकीचा नाही. त्यावर ‘घर, दगड-माती’ असे लिहिलेले असते आणि लांबी-रुंदी. ती लांबी ओट्यासकट की ओट्याशिवाय, हे लिहिणाऱ्याच्या मनावर. एका घराच्या तीन वेगवेगळ्या वर्षांच्या उताऱ्यांत मी तीन वेगळी मापे पाहिली आहेत, आणि घर तिन्ही वर्षी तेच होते.

मध्यंतरी अमेरिकेतल्या भाचीचा फोन आला. तिच्या घरामागे लाकडी डेक करायचा होता. डेक म्हणजे त्यांचा ओटाच, मागच्या दाराचा आणि लाकडाचा. तिच्याकडून कळले की तिथे बहुतेक राज्ये ज्या नमुना निवासी संहितेवरून आपले नियम करतात तिच्यात लहान डेकला परवानगीतून सूट आहे, पण चार अटी एकदम पाळल्या तरच. दोनशे चौरस फुटांपेक्षा मोठा नको, जमिनीपासून कुठेही तीस इंचांपेक्षा उंच नको, घराला जोडलेला नको, आणि घराच्या बाहेर पडायच्या मुख्य दारापुढे नको. मी मनातल्या मनात आमचा ओटा तिथे ठेवून पाहिला. क्षेत्रफळात बसला, उंचीतही बऱ्याचदा बसेल, पण घराला चिकटलेला आणि मुख्य दारापुढचा. नापास. त्या अटींमागे एकच भीती दिसते : वरून माणूस पडेल, डेक भिंतीपासून सुटून कोसळेल, आगीत वाट अडेल. म्हणून पाया किती खोल, तुळई भिंतीला कशी जोडली, यावर तिथे तपासनीस येतो. आमच्या कलमांत ओटा कोसळण्याबद्दल चकार शब्द नाही. आम्हाला भीती ओटा पडण्याची नाही, ओटा चालू लागण्याची आहे! ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीने दगड-मातीच्या भिंतींबद्दल जे शिकवले त्यानंतरही गावातल्या परवानगीचा प्रश्न ‘टिकेल का’ असा नसतो, ‘कोणाच्या जागेत’ असाच असतो.

आणि त्या प्रश्नाची किंमत गेल्या वीस वर्षांत फार वाढली. २००६ मध्ये ग्रामपंचायत कायद्यात दुरुस्ती झाली. ज्याने सरकारी जागेवर किंवा सार्वजनिक मालमत्तेवर अतिक्रमण केले आहे तो सदस्य राहण्यास अपात्र. हेतू चांगलाच होता. पण गावातल्या राजकारणाच्या हाती हत्यार मिळाले. निवडणूक संपली की हरलेला पक्ष टेप घेऊन जिंकलेल्याच्या दारात. अतिक्रमण कोणाचे मानायचे, यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेला. २०१७ च्या निकालात ज्याने मूळ अतिक्रमण केले तोच अपात्र, असा अर्थ लावला गेला. २०१८ मध्ये मोठ्या पीठाने तो बदलला : अतिक्रमण घरच्यांनी केलेले असले तरी त्या जागेचा उपभोग चालू ठेवणारा सदस्यही अपात्र. आज्याने परवानगी कुठे घेतली होती, हा माझ्या टेबलावरचा प्रश्न असा एकदम कायद्याचा झाला. नातसून राखीव जागेवरून सरपंच होते, आणि आज्याच्या ओट्याची पायरी तिला खाली उतरवू शकते. ज्या बायकांना ओट्यावर दुपारी धान्य निवडण्यापुरतेच बसता येत होते, सभा तर पुरुषांची, त्यांच्यापैकी कोणी पंचायतीत पोचल्यावर तोच ओटा आडवा यावा, याला काय म्हणावे!

यापेक्षा अवघड गोष्ट गावठाणाबाहेरच्यांची आहे. पांढरी सर्वांची नव्हती. महारवाडा, मांगवाडा गावकुसाबाहेर. त्यांच्या वस्त्या वाढल्या त्या बऱ्याचदा गायरानाकडे. गावठाणातल्या माणसाचा वाद ओट्याच्या दोन फुटांचा, यांचा वाद आख्ख्या घराचा. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानावरची अतिक्रमणे वर्षअखेर काढण्याचे आदेश दिले तेव्हा राज्यात अशी दोन लाखांहून जास्त बांधकामे असल्याचे समोर आले. त्या आठवड्यात माझ्या टेबलावर जी माणसे येत होती त्यांच्यापैकी कोणी परवानगीचा शब्द काढला नाही. ओटा ही घर ज्याचे आहे त्याची चैन असते. घरकुलाचेच पाहा ना. पंतप्रधान आवास योजनेत ग्रामीण घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर. त्यात स्वयंपाकाची जागा धरलेली आहे, ओटा धरलेला नाही. तरी घरकुल पूर्ण झाले की पहिल्या सुगीच्या पैशात माणूस दारापुढे ओटा घालतो. त्याशिवाय त्याला ते घर वाटत नाही. पाबळच्या विज्ञान आश्रमाने, जो डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केला, कमी लोखंडात, कमी पैशात उभे राहणारे घुमटाकार घर बनवले. कल्पना उत्तम, काम पक्के. पण घुमटाला ना वळचण ना पागोळी. गावाने घुमट कौतुकाने पाहिले आणि घर मात्र चौकोनी बांधले, याचे एक कारण ओटा असावा असे मला वाटत आले आहे.

परवानगीचे नियम अलीकडे सैल झाले, हे सांगितले पाहिजे. २ डिसेंबर २०२० रोजी राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली मंजूर झाली. त्यापाठोपाठ २०२१ मध्ये ग्रामविकास विभागाने जाहीर केले की ग्रामीण भागात सुमारे सोळाशे चौरस फुटांच्या भूखंडापर्यंत मालकीची कागदपत्रे, आराखडा आणि वास्तुविशारदाचा दाखला पंचायतीला सादर केला की पुरे, आणि बत्तीसशे चौरस फुटांपर्यंत पंचायतीनेच दहा दिवसांत प्रारंभपत्र द्यावे. सोय झाली यात शंका नाही. पण पहिली अट पाहा : मालकीची कागदपत्रे. गावठाणातल्या घराला ती कुठून आणायची? तिथे तर नमुना ८, तोही मापे बदलणारा.

इथे पुन्हा तो नकाशावरचा ठिपका आडवा येतो. मोठ्या गावांच्या गावठाणांचे भूमापन टप्प्याटप्प्याने झाले, लहान गावे आणि वाड्या राहून गेल्या. मग ड्रोन आला. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात त्याचा प्रयोग झाला, आणि २४ एप्रिल २०२० ला ‘स्वामित्व’ या नावाने देशभराची योजना जाहीर झाली. भारतीय सर्वेक्षण विभागाचा ड्रोन वरून फोटो काढतो, भूमी अभिलेख खाते त्यावरून प्रत्येक घराची मिळकत पत्रिका करते. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जो ठिपका तसाच ठेवला होता तो जवळजवळ एकशे ऐंशी वर्षांनी उघडला.

ड्रोनची एक अडचण आहे, आणि ती या लेखाच्या विषयाचीच आहे. ड्रोनला छप्पर दिसते. छपराखाली काय आहे ते दिसत नाही. पुढे आलेल्या वळचणीखालचा ओटा आकाशातून घराचाच भाग वाटतो, आणि उघडा ओटा रस्त्याचा. म्हणून उड्डाणाच्या आधी हद्दीवर चुन्याची रेघ मारतात. पंचायतीचे लोक, भूमी अभिलेखाचे कर्मचारी आणि घरमालक उभे राहून ठरवतात, आणि चुना पडतो. मी असा एक दिवस जवळच्या एका लहान गावात पाहिला. सकाळपासून गल्लीत माणसे दारात उभी. कोणी ओटा धुवून काढला होता, कोणी त्यावर कुंड्या आणून ठेवल्या होत्या. एका म्हातारीने चुना मारणाऱ्या पोराला थांबवले. पायरीच्या पुढे, जमिनीत उमटलेल्या बारीक खड्ड्यांच्या ओळीवर काठी टेकवली आणि म्हणाली, ‘बाळा, पागोळी हितं हाय. हितनं मार.’ पोराने शेजारच्या घराकडे पाहिले. शेजारी दोन क्षण बोलला नाही. मग म्हणाला, ‘मार, आक्का म्हणत्यात तिथनं.’

रेघ पडली. त्या घराचा ओटा आता मिळकत पत्रिकेत आहे. तीन घरे सोडून पलीकडच्या गल्लीत शेजाऱ्याने मान हलवली नाही, तिथे चुना पायरीच्या आत पडला. त्या घरवाल्याने हरकत नोंदवली, आणि अर्ज मी लिहून दिला. चौकशीत त्याला तीस-चाळीस वर्षांचा ताबा दाखवायचा होता. पुरावा म्हणून आम्ही घरपट्टीच्या पावत्या जोडल्या, आणि जोडीला एक जुना लग्नाचा फोटो : वरात दारात आली आहे, नवरानवरी ओट्यावर उभी आहेत, आणि मागे, फोटोच्या कडेला, गल्लीतून एक बैलगाडी आरामात निघाली आहे.